सरांचा कॅप्स लॉक

"ते आत आहे का गं माय?" काकूंनी मला विचारलं.

आम्ही दोघी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. आत खोलीत काकूंचे यजमान, आमचे सर, होते. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. डोळे कधी मिटलेले, कधी उघडे, पण उघडे असले तरी ते आपल्याकडे बघताहेत की नुसतेच उघडे आहेत ते कळत नव्हतं. डॉक्टर भला माणूस होता, खोटा धीर देत नव्हता. जीव वाचलाय, समज किती उरलीय ते आताच सांगता येणार नाही, वाट बघा, असं त्याने सांगितलं होतं. वाट बघायला काकूंची ना नव्हती. सरांची जेवायला वाट बघण्यात त्यांचा निम्मा संसार गेला होता. त्यांना एवढंच कळायला हवं होतं की आपण ज्याला भरवतो, पुसतो, ज्याच्याशी दिवसभर बोलतो, तो माणूस आत आहे की नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर त्या दुपारी मिळालं. ते कसं मिळालं हे समजायला सर ही काय चीज आहे ते आधी सांगायला हवं.

मी एमसीए करून बऱ्हाणपूरच्या कॉलेजात लागले तेव्हा सर संगणक विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे एक लांबट लॅब, सर, आणि त्या दिवसापासून मी. सर बहादरपूरच्या केळीवाल्या घरातले. भाऊ बागा सांभाळायचे आणि हे लिनक्स, म्हणजे संगणकाला आतून चालवणारी प्रणाली. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी कडक इस्त्रीचा ड्रेस घालून गेले, तर लॅबला कुलूप! शिपायाने सांगितलं, "सर बच्चे लोगों को लेके कुंडी भंडारा गए हैं." दर वर्षी पहिला तास तिकडेच असतो म्हणे. मी रिक्षा करून तिकडे गेले.

कुंडी भंडारा आमच्या गावात कोणाला सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणण्याची ती जुनी करामत आहे. त्याला पंप नाही की मोटार नाही. वरून बघावं तर उघडं माळरान आणि त्यात ओळीने विहिरींची गोल तोंडं. अशाच एका तोंडाशी सर उकिडवे बसले होते, डोकं जवळजवळ आत घातलेलं. भोवती मुलं. मला बघून त्यांनी नावही विचारलं नाही.

"या मॅडमबाई, कान लावा."

मी इस्त्रीचा ड्रेस सावरत कान लावला.

"वर काय दिसून राहिलं?"

"काही नाही. माती."

"अन् खाली काय ऐकू येऊन राहिलं?"

"पाणी."

"चालू का बंद?"

"चालू."

"झालं. लिनक्सचा पहिला पाठ संपला. चला, दराबा खाऊ."

आणि खरोखर सगळ्यांना घेऊन ते मिठाईच्या दुकानात गेले. हा माणूस ठार वेडा आहे आणि आपण जळगावची चालून आलेली बरी नोकरी सोडून याच्या हाताखाली आलोय, असं मला दराब्याचा घास तोंडात असताना वाटलं. दराबा मात्र फार चांगला होता.

सरांचं वेड मग रोजच बघायला मिळू लागलं. कोणत्याही संगणकाला ते "तो" म्हणत. "तो उठला का?" "त्याचं काय दुखतंय ते त्याले विचार ना." सकाळी लॅब उघडली की एकेक यंत्र चालू करून हात मागे बांधून उभे राहत. लिनक्स सुरू होताना आतल्या आत शेकडो कामं करतो. स्मृती मोजतो, डिस्क शोधतो, कीबोर्ड, माऊस, नेटवर्क, सगळ्यांना हाक मारून हजेरी घेतो, आणि कोण सापडलं, कोण नाही हे ओळीओळीने लिहितही जातो. पण लोकांना ते बघवत नाही म्हणून हल्ली त्याच्यावर एक सुंदर चित्र झाकतात आणि खाली एक चक्री फिरत राहते. त्यासाठी सुरुवातीच्या आज्ञेत "क्वाएट" असा एक शब्द लिहिलेला असतो. नवं यंत्र लॅबमध्ये आलं की सर आधी तो शब्द खोडत.

"गप बस म्हणून सांगितलंय त्याले. मग त्याले आतमधी काही झालं तर तो कोणाले सांगल? बोलू द्या त्याले."

मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागत आणि सर त्या मोठ्याने वाचत. मधे एखादी ओळ चुकली की थांबून म्हणत, "हे काय बोलला?" आणि परत सुरू करायला लावत. आमचं लेक्चर मागच्या वर्गात चालू असलं तरी त्यांना फिकीर नसे. सरांच्या स्वतःच्या तोंडालाही क्वाएट नव्हतंच. बसस्टँडवर भेटले तरी आधी भाजीचे भाव, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मग सुनेचं कौतुक, मग पुन्हा कर्नल. ऐकणारा कोण आहे याने काही फरक पडत नसे. पेपर मिलच्या कॉलनीत माझे वडील राहतात, निवृत्त झालेत. त्यांना भेटायला म्हणून सर एकदा आले आणि कागदाच्या यंत्रावरून सुरुवात करून ड्रायव्हर या विषयावर आले. गाडी चालवणारा तो ड्रायव्हर नव्हे, तर एखादा नवा भाग आणि लिनक्स यांच्यात दुभाष्याचं काम करतो तो प्रोग्राम, हे त्यांनी वडिलांना चहाच्या कपबशीवर समजावलं. वडील नंतर मला म्हणाले, "यांना कोणी थांबवत नाही का?" थांबवायची कोणाची छाती?

आणि मग तो कॅप्स लॉक.

एखाद्या यंत्राचा पडदा काळा पडला की मुलांचा हात सरळ मोठ्या बटणाकडे जाई. दाबून धरायचं, यंत्र मेलं की परत चालू करायचं. सरांना या एका गोष्टीचा जितका संताप येई तितका कॉपी करणाऱ्या पोराचाही येत नसे.

"मुर्दा समजून राहिला का रे त्याले? जित्या माणसाले स्मशानात नेतो? हात काढ!"

मग ते स्वतः येत. वाकत. आणि डाव्या हाताच्या करंगळीने कॅप्स लॉकची कळ दाबत. कीबोर्डवर एक छोटा हिरवा दिवा असतो, ती कळ दाबली की लागतो, परत दाबली की विझतो. पण तो दिवा कळीला सरळ जोडलेला नसतो. कळ दाबल्याची बातमी आत जाते, आतून हुकूम येतो, मग दिवा लागतो. आत कोणी जागं असेल तरच. सर दिव्याकडे बघतसुद्धा नसत. पोराच्या तोंडाकडे बघत विचारत, "लागला?"

"लागला, सर."

"मंग तो आहे. दिसून नाही राहिला म्हणजे नाहीच का रे?"

ही प्रश्नोत्तरं इतक्या वेळा होत की सगळी लॅब एका सुरात "लागला" म्हणायची. आणि पोराने "लागला" म्हटल्याशिवाय सर करंगळी काढत नसत. टक, टक, टक, चालूच. एकदा एक मुलगी घाबरून गप्पच बसली, तर सर तिथे उभे राहून बराच वेळ कळ दाबत राहिले. ती रडायच्या बेताला आली तेव्हा मागून मीच ओरडले, "लागला हो सर, लागला!"

"तुमाले नाही विचारलं, मॅडमबाई," ते म्हणाले, पण करंगळी काढली. उत्तर आलं की त्यांना पुरे होई.

सगळं वेड मी हसण्यावारी नेत होते, ते युनिव्हर्सिटीच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवसापर्यंत. त्याआधीच्या सुट्टीत प्राचार्यांनी हौसेने लॅबमधल्या यंत्रांत नवी ग्राफिक्स कार्डं बसवून घेतली होती. पडद्यावर चित्र काढण्याचं काम हे कार्ड करतं. बसवणाऱ्याने स्क्रू पिळले, चहा प्यायला आणि गेला. परीक्षेच्या सकाळी इंदूरचे बाहेरचे परीक्षक खुर्चीत येऊन बसले, मुलं आपापल्या जागी बसली, यंत्रं चालू झाली, ओळी धावल्या, आणि अर्ध्यावर येऊन सगळे पडदे एकामागून एक काळे झाले. सगळे. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. प्राचार्य दारात आले आणि दारातच थिजले.

सर मात्र खुशीत आले. असं काही झालं की त्यांचे डोळे चमकत. ते पहिल्या यंत्रापाशी गेले, करंगळी टेकवली. "लागला?" "लागला, सर." दुसरं. "लागला?" "लागला!" अशी पूर्ण रांग त्यांनी केली. त्या काळ्या पडद्यांच्या खाली ओळीने हिरवे दिवे लागत गेले, आणि मुलांचे आवाज मोठे होत गेले.

"साहेब, सगळे हजर आहे," त्यांनी परीक्षकांना सांगितलं.

"पण दिसत तर काहीच नाही," परीक्षक म्हणाले. ते मराठीच होते.

"दिसून नाही राहिलं. थांबा, बोलवतो त्याले."

कोपऱ्यात जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. त्याला जोडलेल्या यंत्रापुढे सर उभे राहिले, बसलेही नाहीत. पडदा कोळशासारखा काळा. त्यांनी काही कळा एकत्र दाबल्या, मग टाइप करू लागले. नाव. एंटर. पासवर्ड. एंटर. मग एक आज्ञा. काहीही दिसत नसताना ते मधेच थांबून मान हलवत होते, जणू समोरून उत्तर येतंय आणि ते त्यांना पटतंय. शेवटचं एंटर दाबून ते हात मागे बांधून उभे राहिले.

आणि कोपऱ्यातला प्रिंटर टर्रर्र करून ओरडला.

सगळे दचकले. कागद वर सरकला. परीक्षक स्वतः उठून गेले, तो फाडून आणला. रोमन अक्षरांत मराठी छापलं होतं: मी उठलोय.

मला हे सगळं माहीत होतं, पुस्तकातून शिकवतही होते. आत काय चालतं, कोणती आज्ञा कुठे जाते, सगळं. पण त्या काळ्या काचेमागे कोणीतरी बसलंय, आपण बोलावलं तर ओ देतंय, हे मला त्या क्षणापर्यंत कधी जाणवलंच नव्हतं. ज्या माणसाला मी वेडा समजत होते त्याच्याकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. उंची बेताची, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, आणि चेहऱ्यावर लहान पोराचा आनंद.

पुढचं सोपं होतं, म्हणजे सरांना सोपं होतं. नव्या कार्डाशी बोलू शकेल असा ड्रायव्हर आत नव्हता. जो होता त्याने पडद्याचा ताबा घेतला आणि जमेना तेव्हा मधेच सोडून दिला, म्हणून अंधार. सरांनी प्रत्येक यंत्राला आंधळेपणानेच टाइप करून, नीट सांगून परत सुरू केलं, मोठ्या बटणाला हात न लावता. सुरुवातीच्या आज्ञेच्या शेवटी एक शब्द जोडला. त्याचा अर्थ एवढाच की ज्या कार्डाची बोली येत नाही त्याच्या नादाला लागू नकोस, यंत्र चालू होताना जे साधं चित्र मिळालं होतं तेच धरून ठेव. आणि पडदे उजळले. चित्र ओबडधोबड अक्षरांचं, फिकट, खिडकी सरकवली तर मागून रेंगाळत येणारी. कारण चित्र काढायचं कामही आता बिचाऱ्या प्रोसेसरच्याच गळ्यात पडलं होतं.

"हे असं फाटकं का दिसतंय?" परीक्षकांनी विचारलं.

सरांच्या घरामागे पॉवरलूमची अख्खी गल्ली आहे. ते म्हणाले, "साहेब, मागावर डिझाइन टाकायचा डॉबी बिघडला तर माग थांबते का? सादं कापड विणते. अंगाले तर येते ना? याच्यात बी तसंच आहे. चांगलं चित्र नाही जमलं तर सादं. ते नाही जमलं तर नुसते अक्षर. तेबी नाही तर दुसऱ्या यंत्रावरून याले हाक मारता येते. तेबी नाही तर एक दिवा. पण एक चीज नाही मिळाली म्हणून हा रुसून बसत नाही. जे आहे त्याच्यात उठतो."

परीक्षा त्या ओबडधोबड अक्षरांत पार पडली. परीक्षकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, परत दिला नाही.

या सगळ्याला काही वर्षं झाली. सर निवृत्त झाले, तरी लॅबमध्ये येत राहिले. नवे प्राचार्य मला विचारायचे, "ये रोज कौन आते हैं?" मी सांगायचे, विभागप्रमुख. आणि मग एका सकाळी देवपूजेला बसलेले सर तसेच कलंडले.

तर, व्हरांडा. काकूंनी विचारलं, ते आत आहे का. काकू इच्छापूरच्या बाजूच्या, देवीच्या गावच्या, कणखर बाई. पुण्याहून मुलगा आला होता, तो औषधं आणायला गेला होता. त्याच्यासमोर काकू काही बोलत नव्हत्या. माझ्यासमोर म्हणाल्या, "मी बोलून राहिली, बोलून राहिली. ते मले ओयखता का नाही तेबी कळेना. अन् नाहीच ओयखत असले तर मी कोणासंग बोलून राहिली?"

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही आत गेलो.

सर उताणे होते. डोळे उघडे, छताकडे. सरांना असं गप्प बघणं मला सोसेना. आयुष्यभर ज्याने तो "क्वाएट" शब्द खोडला त्याच्याच तोंडावर कोणीतरी तो लिहून ठेवला होता. मी नजर खाली वळवली. डावा हात पांघरुणावर होता आणि त्याची करंगळी हलत होती. टक, टक. जराशी विश्रांती. टक, टक.

काकूंनी सवयीने पुढे होऊन तो हात धरला, पांघरुणात घातला. "हे झटका आल्यापासून चालू आहे. सिस्टरबाई म्हणते, नसा ओढता. रात्रंदिवस त्यांचं हेच. मी धरून ठेवते."

पांघरुणाखाली करंगळी हलतच होती.

पहिल्यांदा मला काही कळलं नाही. मग कळलं. त्यांना बोलता येत नव्हतं. उजवा हात गेला होता. जे उरलं होतं त्यात सर उठले होते, आणि काळ्या पडद्यामागून आल्या-गेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत होते. आणि आम्ही सगळे शहाणे तो हात धरून पांघरुणात घालत होतो.

मी पांघरूण बाजूला केलं. करंगळीकडे बघत म्हटलं, "लागला, सर."

करंगळी थांबली.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना घाईघाईने सांगितलं, लॅबमध्ये सर काय करायचे, पोरं काय उत्तर द्यायची, उत्तर आल्याशिवाय सर कसे थांबत नसत. काकूंचा विश्वास बसेना. बसावा असं वाटत होतं, म्हणूनच बसेना. "अवं, असंच थांबलं असंल," त्या म्हणाल्या. "मले उगी आशा नको लावू."

त्यांचं बरोबर होतं. मग मला एकच सुचलं. मी सरांच्या कानाशी वाकले आणि त्यांना ज्याचा आयुष्यभर सगळ्यात जास्त संताप आला ते वाक्य मोठ्याने म्हटलं.

"सर, पडदा तर काळा आहे. बटण दाबून बंद करून टाकू का?"

दारात सिस्टर उभी होती. तिच्या हातातला ट्रे खणखणला. तिला काय वाटलं असेल देव जाणे.

सरांची मान वळली. छतावरची नजर माझ्यावर आली, आणि ती अशी होती की मी शिकाऊ पोरीसारखी एक पाऊल मागे सरले. घशातून काहीतरी घरघरलं, शब्द नाही, पण लॅबमध्ये ज्याने ते ऐकलंय त्याला शब्दांची गरज नव्हती. आणि करंगळी गादीवर आपटू लागली, टक टक टक टक, हात काढ, हात काढ, हात काढ.

"आहे!" मी ओरडले. "काकू, आहेत! शिव्या देताहेत मला!"

मी हसत होते आणि रडत होते आणि सिस्टर मला बाहेर काढायचं की डॉक्टरला बोलवायचं या विचारात होती. काकूंनी आम्हा कोणाकडेच बघितलं नाही. त्या पलंगावर सरांच्या शेजारी बसल्या, पदराने आपला तळवा पुसला, आणि त्यांचा डावा हात उचलून अलगद त्या तळव्यावर ठेवला. करंगळी शांत झाली. सरांनी काकूंकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग तळव्यावर करंगळी एकदा दाबली, आणि तशीच दाबून धरली.

काकूंनी माझ्याकडे न वळता विचारलं, "काय म्हणायचं असते गं?"

मी सांगायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं.

"लागला," काकू सरांना म्हणाल्या. "लागला हो."